रामलिंगाची लांबची वाट

"पावती आहे?"

आवाज मागून आला आणि माझ्या ओच्यातली अकरा सीताफळं एकदम जड झाली.

येडशीच्या राखीव जंगलातली सीताफळं तेव्हा लिलावात जायची. ज्यानं लिलाव घेतला त्यानंच तोडायची, बाकीच्यांनी नुसता वास घ्यायचा. आणि वास तरी कसला! झाडावर एक फळ उकललं की बार्शीच्या मुंग्या पहाटेच्या गाडीनं येडशीला उतरायच्या. स्टेशनमास्तर त्यांना तिकीट विचारायचे नाहीत, एवढंच.

मी वळले. खाकी शर्ट, धुळीनं पांढरे झालेले बूट, कपाळावर घाम. आणि डोळे... डोळ्यांकडं मी मुद्दाम बघितलंच नाही.

"कसली पावती?"

"फळांची. हे राखीव जंगल आहे."

"कुठली फळं?"

त्यानं माझ्या ओच्याकडं बोट दाखवलं. मी तिथंच धावड्याच्या बुंध्याशी बसले, एक सीताफळ फोडलं आणि खायला लागले. मग दुसरं. मग तिसरं.

"हे काय चाललंय?"

"पुरावा संपवतेय."

हसू दाबायला त्यानं टोपी काढून उगीच झटकली. "अजून आठ राहिलीत."

"मग उभे काय? बसा. एकटीला नाही संपायची."

आणि तो बसला! सरकारचा माणूस चोरीचा माल खायला चोराशेजारी मांडी घालून बसला. मग बिया लांब उडवायची पैज लागली. त्याची बी ओढ्यापलीकडं पडली. माझी कुठं पडली ते त्या दिवशी कळलं नाही. पुढं पाच वर्षांनी कित्येक कोसांवरच्या ढोकीच्या स्टेशनावर सीताफळाचं एक झाड उगवलं, तेव्हा कळलं.

शेवटी त्यानं वही काढली. "नाव?"

"अनसूया. विष्णुपंत मास्तरांची."

"गुन्हा काय लिहू?"

"तुम्हीच ठरवा की..."

त्यानं माझ्याकडं बघितलं. पेन्सिल थांबली. वही मिटली. गुन्हा काही लिहिला गेला नाही, पण झाला होता.

त्याचं नाव राघवेंद्र. नळदुर्गचा. बदलून येऊन पंधराच दिवस झालेले. त्यानंतर तो दर दोन दिवसांनी आमच्या घरी वडिलांचं वर्तमानपत्र न्यायला आणि परत द्यायला येऊ लागला. परत आलेल्या घडीत हटकून एखादं पान असायचं.

"मास्तर, हे कशाचं पान हो?"

वडिलांना वर्तमानपत्राचं पान तेवढं ओळखू यायचं. मग मीच चौकटीत येऊन सांगायची, "टेंभुर्णीचं." "सालईचं." "अंजनाचं." तो मान हलवायचा, जसा काही जन्मात टेंभुर्णी बघितली नाही. मला गंमत वाटायची. फॉरेस्टर म्हणे! याला धावडा कळत नाही की पळस. रात्री उठवून जंगलात सोडला तर शेळ्यांना वाट विचारत येईल. असं म्हणायची आणि पुढच्या पानाची वाट बघायची.

एवढ्यात बार्शीहून मार्तंडमामाचं कार्ड आलं.

मामाची मुलगी शामला माझ्याच वयाची. गोरी, नाजूक, बोलायला लागली की समोरचा घड्याळ विसरायचा. सात ठिकाणी दाखवून झाली होती आणि सातही ठिकाणी कुठं हुंडा, कुठं पत्रिका असं काहीतरी आडवं आलं होतं. आता पोह्यांची बशी हातात धरणार नाही म्हणून ती हटून बसली होती. मामानं तोड काढली. नळदुर्गच्या एका घरात बोलणं झालंय, मुलगा तुमच्याच येडशीला फॉरेस्टर आहे, त्याच्या भावाचा होकार आहे. कार्तिकातलं आवळीभोजन आपण रामलिंगाच्या जंगलात करू. मोठी माणसं बैलगाडीनं पुढं जातील; मुलगा-मुलगी चालत येतील, बोलतील, बघतील. संध्याकाळच्या गाडीआधी मुलानं होय की नाही ते सांगायचं. आणि दोघांच्या बरोबर कुणीतरी हवं, तर आपली अनसूया आहेच. तिला जंगलातली वाट न् वाट ठाऊक.

आपली अनसूया! कार्ड वाचलं आणि त्या दिवशी चुलीत लाकूड न घालता भात शिजला. माझ्या नावाचा अर्थ जिच्या मनात मत्सर नाही अशी बाई. बारा दिवसांच्या पोरीचं नाव ठेवताना वडिलांना तरी काय कळणार होतं?

आवळीभोजनाच्या दिवशी सकाळी नऊला निघालो. बैलगाडी बलभीम गाडीवानानं हाकली. आई, मामी, वडील, मामा आणि पुरणपोळ्यांचे डबे सरळ रस्त्यानं पुढं गेले; शामला, राघवेंद्र आणि मी मागून चालत. येडशी ते रामलिंग एक कोस. रमतगमत गेलं तरी पाऊण तास.

शामला नायलॉनची साडी नेसली होती. गुलाबी. येडशीत पहिलीच. पायात उंच टाचेच्या चपला. मी आईचं जुनं इरकल, अनवाणी.

"तुम्हाला जंगल आवडतं?" शामलानं त्याला विचारलं.

"सवय झाली की आवडतं."

"मला सवय होईल का हो...?"

असं विचारतात का कुणी पहिल्याच वळणावर? त्यावर त्यानं कुकरी काढली, निर्गुडीची काठी तोडली, साल तासली आणि तिच्या हातात दिली. मला नाही. मला कशाला देईल? मी शेळीसारखी पुढं चाललेली.

तिथंच वाट फुटते. डावीकडं रामलिंग. उजवीकडं डोंगराला वळसा. माळ, बोराटीचं रान, ओढा, मग घोडखिंड आणि तिथून खाली देऊळ. तिकडून गेलं की एका कोसाचे चार होतात. मी मागं बघितलं. शामला काहीतरी सांगत होती, तो मान वाकवून ऐकत होता. त्याची ती मान बघितली आणि माझे पाय आपोआप उजवीकडं वळले.

"इकडूनच ना?" त्यानं विचारलं.

"इकडूनच. जवळची वाट आहे."

"तुम्हाला ठाऊक असेलच," तो म्हणाला आणि मुकाट मागून आला.

माझा बेत साधा होता. त्या चपला, ती साडी, तो गोरा रंग, ह्यांतलं काही घोडखिंडीपर्यंत टिकणार नव्हतं. घामेजलेली, रडकुंडीला आलेली मुलगी बघून कोण हो म्हणेल? आणि पोचायलाच उशीर झाला तर मामाच्या गाडीची वेळ होईल.

माळावर गवत पिकून पिवळं झालं होतं. कुसळांनी माझं इरकल असं भरलं की मी साळिंदरासारखी दिसायला लागले. शामलाच्या नायलॉनवरून कुसळं घसरून पडत होती. एकसुद्धा टिकेना! मी मनात त्या गिरणीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या.

बोराटीच्या रानात मात्र देव पावला. शामलाच्या चपलेतून काटा थेट टाचेत गेला.

"आई गं!"

मी खूश होऊन वळले, तर काय बघते! ती दगडावर बसलेली आणि राघवेंद्र तिच्या पुढ्यात गुडघा टेकून. तिचं पाऊल त्याच्या हातात.

"हलू नका. मोडलाय आत. अनसूयाबाई, पिन आहे?"

होती. माझ्या बांगडीत होती. ती काढून मला माझ्याच हातानं द्यावी लागली. त्यानं हळूच फुंकर घातली, हळूच काटा काढला. शामलाचे डोळे भरून आले आणि त्या भरल्या डोळ्यांनी ती आणखीच छान दिसायला लागली. माझ्या पायात त्या वेळी सात काटे होते. मोजले नाहीत कुणी.

"तुम्हाला नाही लागला का?" त्यानं मला विचारलं.

"मला काटे घाबरतात."

त्यानं माझ्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं. "दिसतंय," म्हणाला.

ओढ्याला अजून गुडघाभर पाणी होतं. मी मुद्दाम शेवाळाच्या बाजूनं नेलं. शामला घसरली की नायलॉनची काय शोभा होते ती बघायची होती. तर त्यानं आधीच पाण्यात उभं राहून हात पुढं केला, आणि ती त्या हाताला धरून राजहंसासारखी पलीकडं गेली. मग तो माझ्याकडं वळला. हात पुढं केला...

"नको! मला येतो ओलांडता," म्हटलं आणि उडी घेतली. बारा हातांचा ओढा एका उडीत पार. खोटं वाटत असेल तर त्या दुपारच्या माझ्यासारखं जळून बघा आणि उडी मारा. पलीकडं पोचल्यावर कळलं, तो हात माझ्यासाठी होता आणि मीच नको म्हटलं होतं. ओढा पुन्हा ओलांडून परत यायचा विचारसुद्धा मनात येऊन गेला.

शेवटचा उपाय म्हणून मी बिबट्या काढला. "शामे, इथं जरा जपून हं. ह्या दरडीत बिबट्या राहतो. म्हातारा आहे, दात पडलेत, म्हणून मऊ माणसं बघतो फक्त. परवा एका फौजदाराला नुसतं चघळून सोडलं."

शामलानं किंचाळून राघवेंद्राचा दंड धरला. दोन्ही हातांनी.

"खरंच आहे का हो बिबट्या?"

"आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पण अनसूयाबाई पुढं आहेत तोवर तो नाही यायचा. त्यालाही जिवाची भीती आहे."

दोघं हसली. दोघं मिळून, एकाच वेळी. माझ्या छातीत असं काही झालं, की खालच्या गवताला वणवा लागला नाही हेच नवल.

घोडखिंडीच्या चढावर माझी अक्कल पुरती गेली. मी खाली बसले आणि कण्हले, "मुरगळला... पाय मुरगळला."

तो आला. वाकला. मी पाऊल पुढं केलं. त्यानं हातसुद्धा लावला नाही.

"कुठला?"

"हा..."

"मघाशी दुसऱ्यावर लंगडत होतात."

त्याच्या मिशीच्या कडेला हसू होतं. "उठा. तुमच्या पायाला या डोंगरात काही व्हायचं नाही," म्हणाला, आणि खिंडीतून पुढची वाट बघायला निघून गेला.

डोळ्यांत पाणी आलं ते मात्र खरं होतं.

शामला लंगडत लंगडत माझ्याजवळ आली. ओढ्यात भिजवून घेतलेला आपला रेशमी रुमाल तिनं माझ्या घोट्याला बांधला. तिच्या स्वतःच्या टाचेतून रक्त येत होतं.

"लई दुखतंय का गं, अने?"

"न्हाय..."

"माणूस बरा आहे," ती गाठ मारता मारता हळू म्हणाली. "सात ठिकाणी गेले. सगळ्यांनी मला बघितलं. मला काय दुखतंय ते आज पहिल्यांदा कुणीतरी बघितलं. यानं हो म्हटलं तर बरं होईल गं."

माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना. चार कोसांत पहिल्यांदा मला माझ्या पायातले काटे टोचले.

देवळापाशी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. ओढ्याकाठच्या आवळीखाली केळीची पानं मांडून ठेवलेली, आणि पुरणपोळ्यांवर मामी पंखा हलवत बसलेली. कुमारिकांनी आवळीला दोरा गुंडाळल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, हा मामीचा नेम. म्हणजे आमच्यापायी सगळे सहा तास उपाशी. भोवतीच्या झाडांवर वानरं पंगत धरून होती. ती आमच्यापेक्षा शहाणी; घरून खाऊन आली होती.

मार्तंडमामाचं पोट रिकामं असलं की आवाज भरायचा. "एक कोस! एका कोसाला सहा तास? बैलांना दोनदा पाणी दाखवून झालं."

"तीनदा, मालक," बलभीम म्हणाला. "आन् बैलं बी कटाळली."

मामाला शामलाचा पाय दिसला. मग तो राघवेंद्राकडं वळला. "तुम्ही फॉरेस्टर ना? स्वतःच्या जंगलात हरवलात? माझ्या पोरीच्या पायाची चाळण केलीत! उस्मानाबादला तुमच्या मोठ्या ऑफिसात माझा साडू आहे. उद्याच त्याच्या कानावर घालतो. ज्याला देवळाची वाट सापडत नाही तो जंगल काय सांभाळणार? आणि असल्या माणसाला मुलगी? नाव काढू नका!"

झालं. मोडलं. मला जे हवं होतं ते मामानं आपल्या तोंडानं केलं. मी फक्त गप्प बसायचं होतं.

राघवेंद्र मान खाली घालून उभा होता. वाट कुणी दाखवली ते त्यानं सांगितलं नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याची नोकरी जाईल, नाव जाईल, गावभर हसं होईल... आणि तरी हा माणूस तोंड उघडेना.

"मामा," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "मामा, वाट मी चुकवली. मुद्दाम."

"का?"

वानरं खाजवायची थांबली. मामीचा पंखा थांबला. वडिलांनी चष्मा काढला.

"हे लवकर पोचू नयेत म्हणून. पोचले की हो म्हणतील म्हणून. आणि ते मला..." मी इरकलावरचं एक कुसळ उपटलं. "ते मला ऐकवलं नसतं. शामे, तुझ्या पायातला काटा माझाच आहे. ओढ्याचं शेवाळ माझं आणि बिबट्याही माझाच."

आई पदर तोंडाला लावून माझ्याकडं अशी बघत होती, की रामलिंगानं तिथल्या तिथं पोटात घेतलं असतं तर बरं.

"मामा," राघवेंद्र म्हणाला, "वाट यांनी चुकवली हे खरं. पण मला वाट ठाऊक होती."

मी वर बघितलं.

"पहिल्या फाट्यालाच कळलं होतं. मी रोज फिरतो या जंगलात. झाडंही सगळी ओळखतो..." तो वडिलांकडं वळला आणि त्याचे कान लाल झाले. "मास्तर, ती पानं... माफ करा."

"आणि वर्तमानपत्र?" वडिलांनी विचारलं. "ते तरी वाचत होतास का?"

"नाही."

"मग मेल्या, मागं गेलास कशाला?" मामा ओरडला.

"सरळ वाटेनं पाऊण तासात पोचलो असतो." त्यानं आता माझ्याकडं बघितलं, आणि त्या डोळ्यांकडं मी पहिल्यांदा नीट बघितलं. "भावानं तिकडं शब्द दिलेला. नाही कसं म्हणायचं ते सुचत नव्हतं. वाटलं, यांच्या मागं जेवढं चालायला मिळेल तेवढं तरी..." मग तो शामलाकडं वळला आणि हात जोडले. "शामलाताई, तुमच्या पायाचं पाप माझ्या माथी. मी बोलायला हवं होतं."

"आता ताई झाले व्हय मी?" शामला म्हणाली. ती रडेल असं वाटलं. पण तिनं नाक पुसलं, उठली, लंगडत मामासमोर गेली. "बाबा, मी नाही म्हणते."

"अगं, आता तुझ्या म्हणण्याचा काय..."

"सातांनी मला नाही म्हटलं. आठव्याला तरी मला म्हणू द्या. फॉरेस्टरसाहेब, तुम्ही मला पसंत नाही. फार चालवता." आणि दोरा उचलून माझ्या अंगावर फेकला. "गुंडाळ आता. भूक लागलीय मला. आणि जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही."

ती खरंच बोलली नाही. पण पानात चौथी पुरणपोळी वाढताना मी तिच्या पोळीवर तुपाची धार धरली, तर तिनं बराच वेळ पुरे म्हटलं नाही. राघवेंद्र समोरच्या पंगतीत होता. मी त्याच्या पानाशी आले तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला,

"पाय कसा आहे?"

"कुठला?"

"जो दुखत नव्हता तो."

"तो आता दुखतोय," मी म्हटलं, आणि तूप पानाबाहेर सांडलं.

संध्याकाळी बार्शीची गाडी हलली तेव्हा शामला खिडकीतून वाकून ओरडली, "अने, तुझ्या लग्नात मी तुझ्यापेक्षा भारी साडी नेसणार! आणि तुला जाळणार!"

शब्दाची पक्की ती. मार्गशीर्षात आमच्या मांडवात ती उभी राहिली ती मोरपंखी शालू नेसून. गुरुजी मंगलाष्टकं म्हणता म्हणता ओळ विसरले, सनईवाल्याचा सूर तुटला, अक्षता आमच्याऐवजी तिच्या दिशेनं उडाल्या. मी अंतरपाटाआड उभी राहून जळून कोळसा झाले. एवढ्यात अंतरपाट खाली आला. साऱ्या मांडवाच्या माना शामलाकडं वळलेल्या होत्या.

एक सोडून.